काशीतला एक दिवस, मराठी खुणा शोधत

काशीला जाताय? मग विश्वनाथाचं दर्शन पहाटेच उरका. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं, शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. मोबाईल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा.

त्यानंतर मात्र घाई नको. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पूर्वाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर येतं. दशाश्वमेधाला लागूनच अहिल्याबाई घाट आहे. मणिकर्णिकेच्या पलीकडे शिंदे घाट, तिथलं कललेलं रत्नेश्वर महादेव मंदिर बघाच. पावसाळ्यात ते पुराच्या पाण्यात बुडतं. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. चालताना जाणवत राहतं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या काशीच्या उभारणीत मराठ्यांचा वाटा किती मोठा होता!

माझं सर्वांत आवडतं ठिकाण पंचगंगा घाट. इथलं बिंदुमाधवाचं जुनं भव्य देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागी आलमगीर मशीद आहे. सध्याचं छोटं देऊळ शेजारीच, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. गर्दी नसते, निवांत बसता येतं. याच काशीत एकनाथांनी १५७३ मध्ये भागवत पूर्ण केलं, आणि शिवराज्याभिषेकाचे गागाभट्टही इथलेच. मराठी माणसाने पंचगंगा चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी सारनाथ, रिक्षाने साधारण १० किलोमीटर. धामेक स्तूप आणि संग्रहालयातलं अशोकाचं सिंहशीर्ष पाहा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. संध्याकाळच्या आरतीसाठी दशाश्वमेधावर परत या.