कंपनीचा कर्बवायू अहवाल आणि आपला गोठा

दूध, बटाटा, टोमॅटो, कॉफी असा शेतमाल घेऊन खाद्यपदार्थ व पेये बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या हल्ली दरवर्षी पैशाच्या ताळेबंदासोबत आणखी एक हिशेब प्रसिद्ध करतात. आपल्या व्यवसायामुळे हवेत किती हरितगृह वायू गेले, याचा तो हिशेब असतो. कारखान्याच्या धुराचा हिशेब शेतकऱ्यांच्या काय कामाचा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु यातील सर्वांत मोठा आकडा बहुधा कारखान्याचा नसून शेताचा व गोठ्याचा असतो.

हा हिशेब ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ या नियमावलीनुसार करतात. तिची पहिली आवृत्ती २००१ साली निघाली. तीत तीन गट आहेत. कंपनीने स्वतः जाळलेले इंधन पहिल्या गटात, विकत घेतलेली वीज दुसऱ्या गटात आणि कच्चा माल, वाहतूक, वेष्टन वगैरे बाकी सारे तिसऱ्या गटात येते. आपण पुरविलेला माल या तिसऱ्या गटात मोडतो.

नेस्ले कंपनीचे उदाहरण घेऊ. या कंपनीने २०१८ हे आधारवर्ष धरून सुमारे ९ कोटी २० लाख टनांचा हिशेब मांडला. त्यात कारखान्यांचा वाटा सुमारे ७० लाख टन, तर कच्च्या मालाचा साडेसहा कोटी टनांहून अधिक होता. कच्च्या मालातही निम्म्याच्या आसपास वाटा दुग्धव्यवसाय व पशुपालनाचा होता.

आपल्याकडे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला. पहिले दोन गट त्यात आवश्यक आहेत. तिसरा ऐच्छिक ठेवला आहे. म्हणजे जेथे मोठा आकडा, तेथेच सवलत!

हा आकडा येतो कसा? शेतात यंत्र लावून कोणी मोजत नाही. वापरलेल्या निविष्ठेला ठरावीक गुणकाने गुणतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडते, असे साधारणपणे धरतात. तो वायू सुमारे ३२५ ग्रॅम भरतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या २७३ पट तापदायक असल्याने ८९ किलो कर्बवायूइतका होतो. युरिया जमिनीत विघटित होताना निघणारा ३३ किलो कर्बवायू मिळविला की गोणीमागे सुमारे १२२ किलो होतात. खत तयार करताना झालेला धूर वेगळाच.

दुधाचा हिशेब लिटरमागे करतात. समजा, एक गाय दिवसाला २०० ग्रॅम मिथेन सोडते व ५ लिटर दूध देते; दुसरी २६० ग्रॅम सोडते, पण १२ लिटर देते. पहिलीच्या लिटरमागे ४० ग्रॅम, तर दुसरीच्या लिटरमागे २२ ग्रॅमच मिथेन पडतो. समतोल आहार, वेळेवर गाभण राहणे, भाकड काळ कमी असणे या गोष्टी आपण दुधासाठी करतोच. या हिशेबातही त्यांचा उपयोग होतो.

खरी अडचण पुढे आहे. शेतकऱ्याकडे नोंद नसेल तर कंपनी त्या भागाची किंवा देशाची सरासरी धरते. माती परीक्षण करून एकरी दोन गोण्या युरिया वाचविणारा आणि डोळे झाकून खत टाकणारा, दोघे कागदावर सारखेच ठरतात. म्हणून खताच्या पावत्या, मात्रा व तारीख, डिझेलचे लिटर, पंपाचे वीजबिल, जनावरांची संख्या, रोजचे दूध, पशुखाद्याचे वजन आणि शेणखताची साठवण एवढे एका वहीत पीकवार लिहून ठेवावे. रोज पाच मिनिटांचे काम आहे.

कंपनीचा प्रतिनिधी माहितीचा तक्ता भरून घेण्यास आल्यास भरलेल्या तक्त्याची प्रत मागून घ्यावी. घट झाली की ती कंपनीच्या अहवालात दिसते. मुरघासाचा खड्डा किंवा ठिबक संच मात्र आपल्या पैशातून होतो. तेव्हा त्याबद्दल दरात किती वाढ मिळणार, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. त्याच जमिनीचे कार्बन क्रेडिट दुसऱ्या संस्थेला आधीच लिहून दिले असेल तर तेही सांगावे, कारण एकच घट दोन ठिकाणी मोजली गेल्यास पुढे करारात वाद उद्भवतो.