राजहंस कसा ओळखावा?



गेल्या हिवाळ्यात गट ऑफिसला एक तरुण सभासद आले. "साहेब, आमच्या तळ्यावर राजहंस उतरल्यात. उसातला हरभरा खात्यात. औषध लावलेला दाणा टाकू काय?"

दाणा टाकायचा नाही, हे आम्ही जागच्या जागी सांगितले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे, शिवाय तोच दाणा घरच्या कोंबड्याही टिपतात. पण मग तळ्याच्या बांधावर गेलो, लांबूनच नजर टाकली आणि "होय, राजहंसच!" असा शेरा मारून परतलो. तिथे आमचे चुकले.

चूक कळली ती पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरून बेण्याचे काम आटोपून येताना. खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावाशी गाडी थांबवली. सोबतच्या मास्तरांकडे दुर्बीण होती. काठावर 25-30 राखाडी पक्षी बसलेले. डोके पांढरे, त्यावर मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे, काजळाची बोटे ओढावीत तसे. मानेच्या कडेने पांढरी रेघ, चोच व पाय पिवळे. हाच पट्टकदंब, म्हणजे आपण राजहंस म्हणतो तो. थोड्या वेळाने थवा नाकात ओरडत उठला आणि बाणाच्या टोकासारखी रांग धरून गेला.

हे पाहुणे तिबेट-मंगोलियाकडच्या सरोवरांकाठी अंडी घालतात आणि थंडीला हिमालय ओलांडून इकडे येतात. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्र बसवून माग काढला, तेव्हा काही पक्षी 7,000 मीटरहून उंच गेल्याचे दिसले. विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवणारे त्यांचे रक्तच वेगळे. एवढी मजल मारून ते दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि रात्री गहू-हरभऱ्यात चरतात, हेही खरेच.

परत आल्यावर मास्तरांना घेऊन त्या तळ्यावर गेलो. अंग नारिंगी, डोके फिकट, चोच आणि पाय काळे. हे चक्रवाक, ब्राह्मणी बदक! शेजारी दोन नकटे. पाठ काळी, पोट पांढरे, नराच्या चोचीवर उंचवटा. राजहंस एकही नव्हता. पानावर बोट फिरवून तांबडी भुकटी लागल्याशिवाय तांबेरा म्हणू नका, असे आम्हीच शिवारफेरीत सांगतो. इथे मात्र बोट न लावताच निदान केले.

त्या सभासदांना घरी जाऊन तसे सांगितले. ते हसले. "मग हरभरा कुणी खाल्ला, साहेब?" चक्रवाकही कोवळा पाला खातो, तेव्हा त्यांना अगदीच निर्दोष म्हणता येईना. पहाटे डबा वाजवून थवा उठवावा, असे ठरले.

आमच्या गटात पट्टकदंब आम्ही अजून पाहिलेला नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान कुणास दोन काळे पट्टे दिसल्यास गट ऑफिसला निरोप द्यावा. आता दुर्बीण घेतली आहे.