उपग्रहाच्या जुन्या नोंदींत पाऊस शोधताना

मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पावसाचा विषय निघाला की एक शंका हमखास येते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. मग त्या दिवसाच्या उपग्रह चित्रांत हा फरक स्पष्ट दिसायला नको का?

तो तसा वाचता येत नाही. तेव्हा भारतावर नजर ठेवून असलेल्या ‘कल्पना-१’च्या अवरक्त चित्रातला एकेक ठिपका सुमारे आठ किलोमीटरचा होता. कुलाबा ते सांताक्रूझ हे अंतर अशा दोन-तीन ठिपक्यांत संपते. शिवाय उपग्रह पर्जन्यमापक नव्हे. तो वरून ढगाचा माथा बघतो. माथ्याखाली किती पाणी कोसळले, याचा त्याला फक्त अंदाज बांधता येतो.

‘पांढराशुभ्र ढग म्हणजे मुसळधार पाऊस’ हा समज यातूनच पसरला आहे. अवरक्त चित्रात पांढरेपणा दाखवतो तो थंडपणा. उंचावरचे विरळ तंतुमेघ अतिशय थंड असतात, म्हणून ते पांढरे दिसतात, पण त्यांतून थेंबही पडत नाही. सह्याद्रीत नेमके उलट घडते. घाटाला अडून वर चढणाऱ्या बाष्पाचे ढग पुष्कळदा फार उंच नसतात, त्यांचा माथा तुलनेने उबदार राहतो आणि तरीही पाऊस धो धो पडतो. केवळ माथ्याच्या तापमानावरून काढलेले पावसाचे अंदाज घाटमाथ्यावर कमी भरतात, त्यामागचे हे मोठे कारण. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

रंगांचेही तसेच. लाल-केशरी छटा पाहून तिथे उष्णता आहे असे वाटते. प्रत्यक्षात बऱ्याच चित्रांत सर्वांत थंड माथ्यांनाच लाल रंग दिलेला असतो. संग्रहात मुळात रंग नसतात, असतात ते आकडे. २६ जुलै २०१३ ला अवकाशात गेलेल्या इन्सॅट-३डीचा प्रतिमक सहा तरंगपट्ट्यांत मोजमाप करी आणि दर ठिपक्याला ० ते १०२३ मधला एक अंक देई. त्या अंकाचे तापमान किती, हे सांगणारा तक्ता त्याच फाइलमध्ये असतो. तो न वापरता नुसते चित्र पाहणे म्हणजे अर्धी माहिती फेकून देणे.

सर्वाधिक घोटाळा होतो तो वेळेचा. फाइलच्या नावातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनारा ओलांडत होते. त्याची चित्रे ०७०० ते ०९०० या वेळांखाली सापडतात. १२३० ची फाइल उघडणाऱ्याला संध्याकाळी सहाचे, जमिनीवर क्षीण होऊ लागलेले वादळ दिसते. त्यात भर म्हणजे हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ते ९४४ मिलिमीटर मोजले गेले २७ जुलैच्या सकाळी. पण पावसाचा मुख्य जोर होता २६ ला दुपारी अडीचनंतर, म्हणजे ०९०० पासून पुढे. तारीख २७ टाकून शोधणाऱ्याच्या हाती ते ढग लागणारच नाहीत.

हा सगळा खजिना बंद कपाटात आहे, असेही नाही. अहमदाबादच्या ‘मॉसडॅक’ या इस्रोच्या केंद्रात विनामूल्य नोंदणी करून इन्सॅटच्या जुन्या फाइली मागवता येतात. २००५ साठी युरोपच्या ‘युमेटसॅट’चा संग्रहही उपयोगी पडतो, कारण त्यांचा मेटिओसॅट-५ तेव्हा ६३ अंश पूर्व रेखांशावर, हिंदी महासागरावर होता.

मात्र दशकांची तुलना करताना घाई नको. उपग्रह बदलतात, उपकरणे मंदावतात. ध्रुवीय कक्षेतल्या काही जुन्या ‘नोआ’ उपग्रहांची माथ्यावरून जाण्याची वेळ तर वर्षागणिक सरकत गेली, त्यामुळे एकाच ठिकाणची दुपार हळूहळू संध्याकाळ झाली. १९८३ पासून जगभरच्या ढगांची एकत्रित नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हिंदी महासागरावर १९९८ पर्यंत भूस्थिर उपग्रहाचा डेटा जवळपास नव्हताच. ती पोकळी ध्रुवीय उपग्रहांनी भरली होती. मग मेटिओसॅट-५ आला. या भागाच्या ढगांच्या आलेखात १९९८ च्या आसपास अचानक उडी दिसली, तर आधी तपासायचे ते हेच, की बदलले आकाश की त्यावरचा उपग्रह.