अक्षय ठेव

निवृत्त होऊन पाच वर्षे झाली, तरी कुठेही गेलो की माझी नजर आधी आकड्यांवर आणि सह्यांवर जाते. बँकेच्या नोकरीने लावलेली ही खोड. गेल्या महिन्यात ती कार्ल्याच्या लेण्यातही जागी झाली.

रहाटणीहून पिंपरी स्टेशन गाठले, लोणावळा लोकल पकडली आणि मळवलीला उतरलो. सोबत सातवीतला नातू. मन थाऱ्यावर नव्हते. हिला जाऊन वर्ष होत आले होते. साड्यांना फॉल-पिको करून तिने साठवलेल्या पैशांची मुदत ठेव संपली होती. रक्कम लाखाच्या आतलीच. ती फ्लॅटच्या कर्जात भरावी, असे मुलाचे म्हणणे. त्यात गैर काही नव्हते, पण माझी सही होत नव्हती.

पायऱ्यांवर एकवीरेला निघालेल्या कोळी कुटुंबांची गर्दी होती. देवीचे दर्शन घेऊन आम्ही शेजारच्या चैत्यगृहात शिरलो आणि बाहेरचा गलका एकदम मागे पडला. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद दालन, ३७ खांब, समोर स्तूप. छताच्या कमानी मात्र लाकडाच्या, आणि त्याही दोन हजार वर्षांपूर्वीच्या!

"आजोबा, हे कुठल्या राजानं बांधलं?" नातवाने विचारले.

राजाने नाही रे, म्हटले, हे संयुक्त खाते आहे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजींनी ते पूर्ण केले. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने दरवाजाला दान दिले. तिथल्याच सामी नावाच्या सुताराचेही नाव दगडात आहे. कित्येक खांब परदेशी यवनांच्या नावांवर आहेत.

मग मला उषवदात आठवला. नहपानाचा हा जावई. कार्ल्याच्या भिक्षूंना त्याने एक गाव दिले, आणि नाशिकच्या लेण्यात त्याची 'अक्षयनीवी' कोरलेली आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. अट अशी, की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी वर्षाला प्रत्येकी १२. मी तिथेच तोंडी हिशेब केला. महिन्याचे २०, वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, २४०. पैचीही चूक नाही!

परतताना लोकलमध्ये नातू खांद्यावर डोके टेकून झोपला. घरी आल्यावर मुलाला म्हटले, "आईचं मुद्दल मोडायचं नाही. व्याजातून शाळेतल्या मुलांना वह्या देऊ." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, आईनं तेच केलं असतं. कर्जाचं मी बघतो."

सोमवारी ठेव पुन्हा ठेवली. जवळच्या शाळेच्या बाईंना भेटलो, तेव्हा त्यांनी विचारले, "वह्यांवर नाव घालायचं का?" असल्या गोष्टींचा मला एरवी संकोच वाटतो. पण सामी सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे.

मी म्हटले, "घाला."