आशेचा शब्द आणि त्याची कसोटी

अंदाज आणि आशा यांत व्यवहारात फारसा भेद केला जात नाही. परंतु त्यांच्यामधील अंतर मोठे आहे. आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडेल असे म्हणणे हा अंदाज होय. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली, आणि तरीही तापीकाठचा शेतकरी पाभर दुरुस्त करून ठेवतो, ती आशा होय. अंदाजाला पुरावा लागतो. आशेला पुराव्याची वाट पाहत बसता येत नाही. प्रेषित पौलाने विश्वास, आशा आणि प्रीती या तिघींना एकत्र मांडले ते याच अर्थाने. जे डोळ्यांपुढे उभे आहे त्याची आशा करण्याचे कारणच उरत नाही, हे त्याचे म्हणणे सुप्रसिद्ध आहे.

मात्र आशेचा शब्द बोलणे म्हणजे दुःख झाकणे नव्हे. जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याची कथा या बाबतीत फार बोधप्रद आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेस वेढा घातला होता. नगर पडणार, हे यिर्मया उघडपणे सांगत होता आणि त्याबद्दलच तो कैदेत पडला होता. ‘सर्व कुशल आहे’ असे सांगून लोकांस खूश करणाऱ्या संदेष्ट्यांचा त्याने कडक शब्दांत निषेध केला होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ त्याच्याकडे आला आणि अनाथोथ गावचे आपले शेत विकत घे, म्हणाला. सारा मुलूख परक्या फौजेच्या टाचेखाली असताना शेत कोण घेईल? यिर्मयाने ते घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत केले, साक्षीदार घातले आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवविले. या भूमीत पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी होईल, असा त्याचा भाव होता. पुढे इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास नगर पडले. संकटाविषयी त्याने खोटे सांगितले नाही आणि संकटच अखेरचे आहे असेही मानले नाही. ज्या प्रांतात जमिनीचा उतारा आणि खरेदीखत यांचे मोल घराघरांत ठाऊक आहे, त्या प्रांतास या मडक्यातील कागदाचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज नाही.

नव्या करारात बेथानी गावची कथा आहे. लाजर मरण पावला. येशू तेथे पोहोचला तेव्हा चार दिवस लोटले होते. पुढे काय करावयाचे हे त्यास ठाऊक होते, असे शुभवर्तमान सांगते. तथापि बहिणींचा शोक पाहून तो प्रथम रडला आणि मगच कबरेच्या तोंडाशी जाऊन त्याने हाक मारली. हा क्रम महत्त्वाचा आहे. जो दुःखिताबरोबर रडला नाही, त्याच्या तोंडचा आशेचा शब्द उपदेश होतो; आणि उपदेशाने तहान भागत नाही.

या शब्दाची कसोटी खानदेशाच्या भूमीवर एकदा फार कठोरपणे लागली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. त्यानंतर एका वर्षाने, १९०७ साली, जळगाव येथे कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावी जन्मलेला सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगा तेथे कविता म्हणावयास उभा राहिला आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन खाली बसला. त्या संमेलनास रेव्हरंड नारायण वामन टिळकही आले होते.

टिळकांना निराशेची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याबरोबर नातेवाईक तुटले आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. हा दुरावा सुमारे पाच वर्षे टिकला. टिळकांनी पत्रे लिहिणे सोडले नाही. परंतु आपले मत पत्नीवर लादलेही नाही. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले आणि त्याच घरात निराळ्या चुलीने ते चालू राहिले. पुढे विचाराअंती जातिभेद मनुष्यकृत आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९०० साली त्या स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत हा सारा प्रवास त्यांनी स्वतःवर हसत हसत सांगितला आहे. टिळकांचा आशेचा शब्दही परका नव्हता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणूनच त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती गाइली.

अशा या घरी, नगरास, ठोमरे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाद्र्याच्या घरी राहून आणि त्यांच्या पंक्तीस जेवूनही ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्यांच्यावरील माया यत्किंचितही उणावली नाही. बदल्यात काही मागणारा आशेचा शब्द हा सौदा होतो. या घरी सौदा नव्हता.

बालकवींच्या काव्यात ‘फुलराणी’ आणि ‘श्रावणमास’ यांचा लख्ख उजेड आहे, तसाच ‘पारवा’सारख्या कवितांत दाटलेला उदास अंधारही आहे. ज्या मनाला सृष्टीत इतका आनंद दिसला, त्याच मनाला रिकामेपणाही तितकाच तीव्रतेने जाणवत होता. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ, आगगाडीखाली सापडून, त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. जेथे त्यांस नाव मिळाले त्या जळगावपासून हे स्थानक थोड्याच अंतरावर आहे. पुढे एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईस निवर्तले.

मग जळगावी आणि नगरास जे बोलले गेले, ते भादलीस खोटे ठरले काय? अंदाज म्हणून पाहिले तर होय. अंदाज चुकला म्हणजे संपतो. परंतु टिळक दांपत्याने ‘तुझे सर्व चांगले होईल’ असा दाखला दिला नव्हता. ‘तू आमचा आहेस’ हे वर्तनाने सांगितले होते, आणि हे वाक्य मृत्यूने खोटे होत नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई ठोमऱ्यांच्या आठवणी सांगतात, तेथे त्यांचे वेंधळेपण, रुसवे आणि लाड हे सारे घरच्या मुलाचे म्हणूनच येते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबले होते. जिला पतीनेच अक्षरे गिरवावयास लाविली, त्या स्त्रीने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. १९३६ साली त्यांचा अंत झाला, आणि ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. यिर्मयाच्या मडक्यातील खताप्रमाणे, लिहिणाराच्या मागे उरणारा हा कागद होता.

धुळ्याचेही एक उदाहरण या ठिकाणी आठवते. १९३२ साली तेथील तुरुंगात विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेवर अठरा प्रवचने केली आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तो धर्मग्रंथ निराळा, परंतु परिस्थिती पौलाच्या परिचयाची होती. फिलिप्पैकरांस लिहिलेले त्याचे सर्वांत आनंदी पत्र बंदिवासातच लिहिलेले आहे. गजांआड बोलणाराही कैदी आणि ऐकणारेही कैदीच असल्यामुळे त्या शब्दास बळ येते. बाहेरून येऊन धीर देणे सोपे असते.

कापसाच्या या मुलखात पीक बुडून आणि कर्ज साचून एखाद्या घरातील कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने जीवन संपवितो, असे आजही घडते. त्या ओसरीवर जाऊन ‘देव सर्व ठीक करील’ एवढेच म्हणणे, हे यिर्मयाने ज्यांचा निषेध केला त्या संदेष्ट्यांचेच काम होय. आशा बोलावयाची असेल तर प्रथम बसावे, कर्जाचा आकडा खरा ऐकावा, आणि रडू आले तर रडावे. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात; तेव्हा पुन्हा जावे. मुलाच्या शाळेची फी, सातबाऱ्यावरील वारसाची नोंद आणि पुढल्या हंगामाचे बियाणे या गोष्टींत हात घालावा. ओसरीवर बोललेला शब्द खरा होता की पोकळ, हे त्या घराला तेव्हाच कळते.