शेवटचे दोन हात

१५ जूनच्या रात्री मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतो आणि गळ बांधायला बसतो. इंग्लंडच्या नद्यांवर बार्बलसारख्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते. विणीचे दिवस ते. १६ जूनला नदी उघडते. सेव्हर्नच्या काठावर मी पहिल्यांदा बसलो ते १९९७ साली. तेव्हापासून दर हंगामाचा एक हुकलिंक मी पत्र्याच्या डब्यात ठेवत आलोय, पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून, वर साल लिहून. यंदा त्या सगळ्या पट्ट्या ओळीने मांडल्या आणि लक्षात आलं, दोरा बदलत गेला तसा दोऱ्याकडून मला काय हवं आहे तेही बदलत गेलंय.

रिळावरून येणारा मुख्य दोरा वजनापाशी थांबतो. तिथून गळापर्यंत जो वेगळा तुकडा बांधतात, तो हुकलिंक. माझा साधारण तीन फुटांचा, म्हणजे आपले दोन हात. बार्बल तळाशी चरणारा मासा. तोंड खालच्या बाजूला, जाड ओठ आणि ओठांभोवती चार मिशा. गढूळ पाण्यात आणि रात्रीसुद्धा तो खडीतलं अन्न या मिशांनी चाचपून शोधतो. त्यामुळे माझ्या सगळ्या सामानातली जी गोष्ट त्याला सर्वांत आधी लागते, ती म्हणजे हे दोन हात.

हा मासा आपल्याला अगदीच परका नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं केली, त्यात इथल्या महासीरला ‘बार्बस खुद्री’ असं नाव दिलं. बार्बस हे युरोपातल्या बार्बलचं कुळ. पुढे महासीरचं कुळ वेगळं मानलं गेलं आणि तो ‘टॉर खुद्री’ झाला. पण पहिला बार्बल हातात आला तेव्हा त्याचं लांबट, दणकट अंग आणि सोनेरी खवले पाहून मला वाळण कोंडीतले, देवाचे मानलेले महासीरच आठवले. लहानपणी महाडच्या बाजूला काळ नदीवर काकांबरोबर मी तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, गळ बांधत असे, पण तिथल्या या कोंडीतल्या माशांना कोणी हात लावत नसे. त्यांना चुरमुरे घालायचे आणि हात जोडायचे.

डब्यातल्या पहिल्या पट्टीच्या आधीही या दोन हातांचा मोठा इतिहास आहे. आयझॅक वॉल्टन यांचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली निघालं, तेव्हा दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे. किती केस पिळायचे यावर ताकद ठरे. १६६७च्या मार्चमध्ये सॅम्युअल पीप्स यांनी आपल्या रोजनिशीत वार्निश दिलेल्या आतड्याच्या तारेची नोंद केली आहे. केसापेक्षा बारीक आणि केसापेक्षा मजबूत, असा त्यांचा अभिप्राय. त्यानंतर दीर्घकाळ राज्य केलं ते रेशमाच्या किड्याने. कोश विणायच्या बेतातला किडा व्हिनेगरमध्ये ठेवायचा, त्याच्या रेशीमग्रंथी बाहेर काढायच्या आणि ताणून त्यांची तार करायची. स्पेनमधल्या मुर्सिया भागाचा हा मोठा धंदा होता. तार फार तर हात-दीड हात लांब निघे, म्हणून तुकड्याला तुकडा गाठवावा लागे. कोरडी असताना ती काचेसारखी तुटे, त्यामुळे नदीवर जाण्याआधी भिजवून ठेवावी लागे.

१९३८ साली नायलॉन जाहीर झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही सगळी कारागिरी मागे पडली. सेव्हर्नमध्ये तोवर बार्बल नव्हताच. १९५६ साली केनेट नदीतून ५०९ बार्बल आणून इथे सोडले. आज या नदीच्या काठी जे बसतात, ते सगळे त्या ५०९ माशांच्या गोतावळ्यामागे बसलेले असतात.

१९९७ची पट्टी साध्या तंगुसाची आहे, सहा पौंड ताकदीची. तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार: माशाला दोरा दिसू नये. जितका बारीक तितका चांगला. मासे लागले, पण वीस-वीस मिनिटं झुंजले. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, त्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला बार्बल हातातून सोडला की पोट वर करून वाहत जातो, हे मी त्या ऑगस्टमध्ये पाहिलं. काठावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी गुडघाभर पाण्यात उतरून त्याला पकडलं, तोंड प्रवाहाकडे करून धरलं आणि दहा मिनिटं तसेच उभे राहिले. मासा शेपटी मारून गेला. ते मला एवढंच म्हणाले, “दोरा जाड कर, बाबा.”

१९९९ ते २००३च्या पट्ट्या गुंफलेल्या दोऱ्याच्या. पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंचा हा दोरा १९९०नंतर सगळीकडे पसरला. तंगुसापेक्षा कितीतरी बारीक, सुतासारखा मऊ, ओढला तरी जवळजवळ न लांबणारा. तळावर तो पाणवनस्पतीसारखा हलतो, त्यामुळे आमिष मोकळं वाटतं. बारा पौंडांचा दोरा हाती आला आणि मला वाटलं, आता चिंता मिटली. पण त्याचा घात दगडावर होतो. खडीच्या धारेवर किंवा शिंपल्यांवर घासला की एकेक तंतू तुटतो, आणि वरून ते कळतही नाही. शिवाय माझा मुख्य दोरा दहा पौंडांचाच होता. २००१च्या सप्टेंबरमध्ये मासा बुडालेल्या झाडात शिरला, मी ओढ दिली आणि दोरा वर, काठीजवळ तुटला. हुकलिंक मजबूत असल्यामुळे तो शाबूत राहिला. मासा मात्र वीस-तीस वार दोरा आणि वजन घेऊन गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून एक नियम मी मोडलेला नाही: हुकलिंक मुख्य दोऱ्यापेक्षा थोडा कमी ताकदीचा असला पाहिजे. आणि वजन असं लावायचं की अडकलं तर निसटून पडेल. तुटायचंच असेल तर माशाच्या अगदी जवळ तुटावं, म्हणजे त्याच्याबरोबर फार तर दोन हात दोरा जाईल.

२००६पासून फ्लुरोकार्बन दिसतो. जपानच्या कुरेहा कंपनीने मासेमारीसाठी तो १९७१मध्ये आणला. पाण्यातून प्रकाश जसा वळतो त्याच्या जवळपास यातूनही वळतो, म्हणून तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. नायलॉनपेक्षा जडही आहे, त्यामुळे तळाला चिकटून पडतो. गुंफलेला पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलका. त्याला तळाशी ठेवायला मध्ये टंगस्टनची पुट्टी लावावी लागते. मी आता या जडपणासाठीच फ्लुरोकार्बन घेतो, दिसण्या-न दिसण्यासाठी नाही. वर उचललेला दोरा चरायला येणाऱ्या बार्बलच्या अंगाला लागतो आणि तो बुजून निघून जातो. उथळ, स्वच्छ पाण्यात दोरा दिसण्यापेक्षा तो लागल्यानेच जास्त मासे बुजतात, अशी इतक्या वर्षांनी माझी खात्री झाली आहे. फ्लुरोकार्बनचा दोष त्याचा ताठरपणा. म्हणून गळाजवळची शेवटची चार बोटं मी गुंफलेल्या दोऱ्याची ठेवतो. खडकाळ जागी, पूर ओसरताना, सरळ जाड तंगूस लावतो.

एक पट्टी बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. २०१२मध्ये एक बार्बल वर आला, त्याच्या ओठात दुसऱ्याच कोणाचा गळ होता. गळामागे हातभर दोरा, त्यावर शेवाळाचा गोळा. गळ निघाला, जखम भरलेली होती. मासा धष्टपुष्ट होता, सात पौंडांचा. त्या अनोळखी माणसाने हुकलिंक नीट निवडला होता, म्हणून मासा तगला. तो गंजलेला गळ आणि तो दोरा मी पट्टीवर लावून ठेवला आहे. साल आहे, नाव नाही.

काल रात्री यंदाचा हुकलिंक बांधला. मुख्य दोरा बारा पौंडांचा, हुकलिंक दहाचा. गाठ आवळण्याआधी थुंकी लावली, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो. गळापासून वरपर्यंत नख फिरवून कुठे खरचटलंय का ते पाहिलं. मग नेहमीची परीक्षा: सगळं जोडून एक टोक दाराच्या कडीला अडकवलं, दुसरं हाताला गुंडाळलं आणि तुटेपर्यंत ओढलं.

तुटला. गळाच्या गाठीशी, जिथे तुटायला हवा होता तिथेच. मग अगदी तसाच दुसरा बांधला आणि झोपायला गेलो.