दोन पेन्सांचा हट्ट

सरकारी आयोगांचे अहवाल मी शेवटून वाचतो. बहुमताचा मजकूर बेताबेताचा असतो; खरा माणूस भेटतो तो भिन्नमतपत्रिकेत. या नादापायीच १९२६ सालच्या हिल्टन यंग आयोगाचा अहवाल हाती आला, आणि त्यातल्या सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांच्या पत्रिकेनं मला आजतागायत सोडलेलं नाही. आपल्याकडच्या महामंदीची गोष्ट सहसा १९२९च्या न्यूयॉर्क शेअरबाजारापासून सुरू करतात. माझ्या मते ती या पानांपासून सुरू व्हायला हवी.

वाद होता हुंडणावळीच्या दराचा. रुपया १६ पेन्सांचा की १८? महायुद्धापूर्वी वर्षानुवर्षं तो १६ पेन्सांचा होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये. १८ पेन्स धरले की पौंडाला मिळतात फक्त १३ रुपये ५ आणे ४ पै. शंभर पौंडांचा कापूस विलायतेला गेला, तर एका दरानं इकडे दीड हजार रुपये येतात, दुसऱ्यानं सव्वातेराशेच्या थोडे वर. ही कात्री व्यापाऱ्यापाशी थांबत नाही. तो ती अडत्याकडे सरकवतो, अडत्या शेतकऱ्याकडे, आणि शेतकऱ्याला पुढे सरकवायला कोणी नसतं. उलट सरकारला पेन्शनी, व्याज, लष्कर अशा होम चार्जेससाठी दरसाल ३ कोटी पौंडांच्या आसपास रक्कम लंडनला पाठवायची असे. महाग रुपयामुळे त्यात काही कोटी रुपये वाचत.

ठाकुरदास काही बंडखोर नव्हते. मुंबईच्या कापूस बाजारातले मातब्बर व्यापारी, सरकारदरबारी वजन असलेले, 'सर' ही पदवी मिरवणारे. आयोगातल्या राजेंद्रनाथ मुखर्जी, माणेकजी दादाभाई आणि जहांगीर कोयाजी या हिंदी सदस्यांनीही बहुमताच्या बाजूनं सही केली. ठाकुरदास एकटे पडले, पण हटले नाहीत. किमती आणि मजुरी १८ पेन्सांशी जुळून गेल्या आहेत, असं बहुमताचं म्हणणं होतं. ठाकुरदासांनी आकडे मांडून ते खोडलं. १९२४ सालीच रुपया सोन्याच्या हिशेबात १६ पेन्सांवर आला होता, तिथं तो सहज स्थिर करता आला असता. सरकारनं चलन आखडून तो वर चढू दिला आणि मग आयोग नेमला, हा त्यांचा मुख्य आरोप. पुढे जगभर भाव उतरले तर या दरापायी देशाची आर्थिक घडी विस्कटेल, असा इशाराही त्यांनी दिला. हे १९२६ साली, मंदीच्या तीन वर्षं आधी.

मुंबईकराचं हे पहिलंच भिन्नमत नव्हतं. १९१९च्या बॅबिंग्टन स्मिथ समितीनं रुपया तब्बल दोन शिलिंगांवर नेण्याची शिफारस केली, तेव्हा दादिबा मेरवानजी दलाल या एकमेव हिंदी सदस्यानं विरोध नोंदवला होता. वर्षभरातच तो दर कोसळला आणि दलाल खरे ठरले. डॉ. आंबेडकरांनीही १९२३च्या रुपयावरील ग्रंथात चलन सरकारच्या मर्जीवर सोडण्याचा धोका दाखवला होता. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. मार्च १९२७मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात १८ पेन्सांचं विधेयक अगदी थोड्या मतांनी तरलं, तेही सरकारी आणि नेमलेल्या सभासदांच्या जोरावर.

ठाकुरदासांचा स्वार्थ होताच. निर्यातदाराला स्वस्त रुपया हवा असतो, गिरणीमालकाला परदेशी कापडाशी टक्कर द्यायला तो हवा असतो. म्हणून त्यांचा हिशेब चुकीचा ठरत नाही. मात्र १६ पेन्स असते तर मंदी टळली असती, असं मला वाटत नाही. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९मध्ये १४१ होता, तो १९३३मध्ये ८७वर आला. एवढी पडझड दोन पेन्सांनी थोपली नसती. खरा घात केला तो दर टिकवण्याच्या हट्टानं. भाव गडगडत असताना सरकार बाजारातून पैसा खेचत राहिलं, चढ्या व्याजाच्या हुंड्या विकत राहिलं. सारा मात्र रोख रुपयांतच ठरलेला. वऱ्हाड-खानदेशातल्या ज्या कास्तकाराचा सारा आणि सावकाराचं व्याज चार मण कापसात भागत होतं, त्याला आता त्याच्या दुपटीनं कापूस विकावा लागला. जानेवारी १९३०मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यातली मिठाची सगळ्यांना पाठ आहे. मिठाच्याही वर, दुसऱ्या क्रमांकावर, रुपया १६ पेन्सांवर आणण्याची मागणी होती.

२१ सप्टेंबर १९३१ला खुद्द ब्रिटननं सुवर्णमान सोडला. रुपया मोकळा सोडावा, असं सिमल्याच्या सरकारचंही मत होतं. व्हाइसरॉयच्या मंडळानं राजीनाम्याची भाषा केली. लंडननं ऐकलं नाही. रुपया पौंडाच्या दावणीला, त्याच १८ पेन्सांवर बांधला गेला. आठवड्याभरात अर्थसदस्य शुस्टर यांनी करांवर २५ टक्के अधिभार लावला, मिठावरसुद्धा. अर्ध्या आण्याचं पोस्टकार्ड पाऊण आण्याचं झालं.

आणि मग सोनं निघालं. कायद्यानं २१ रुपये ३ आणे १० पै तोळा ठरलेलं सोनं काही महिन्यांत तिशीच्या आसपास गेलं. पाटल्या, सरी, पुतळ्यांच्या माळा गावच्या सोनाराकडे मोडीत निघाल्या; तिथून झवेरी बाजारात आटून लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून बोटींनी लंडनला गेल्या. १९३१ नंतरच्या सहा-सात वर्षांत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचं सोनं देशाबाहेर गेलं. चांगला भाव आला म्हणून लोकांनी नफा कमावला, असं सरकार सांगत राहिलं. व्यापाऱ्यांनी साठवलेलं सोनं त्यात होतं हे खरंच. पण सारा भरायला बायकोच्या अंगावरचं उतरवणाऱ्याच्या व्यवहाराला नफा म्हणणं मला आजही संतापजनक वाटतं. निर्यातीवर बंदी किंवा कर घाला, अशी हिंदी व्यापाऱ्यांची मागणी सरकारनं धुडकावली, कारण याच सोन्यावर १८ पेन्सांचा दर तगला आणि पौंडालाही टेकू मिळाला.

१९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली, ती हाच दर राखण्याची जबाबदारी घेऊन. ठाकुरदास तिच्या मध्यवर्ती मंडळावर बसले आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं राहिले. १९६१ साली ते वारले तेव्हा रुपया १८ पेन्सांचाच होता. तो दर बदलला ६ जून १९६६ला.